रेंज नसते तिथे

मीटिंगमध्ये तिचा मुद्दा ऐन रंगात आला होता आणि नेमका तेव्हाच टेबलावर पालथा ठेवलेला तिचा फोन थरथरत काठाकडे सरकायला लागला. अनोळखी नंबर होता. तिने तो कापला. तो पुन्हा आला, तेव्हा समोर बसलेला तिचा उंच सहकारी, लंबूच म्हणाला, "घ्या ना ताई, आम्ही कुठं पळून जातोय," आणि ती खुर्ची मागे सारून खिडकीशी गेली. पलीकडचा माणूस वाईट बातमी देणारे बोलतात तसा शब्द पुसून पुसून बोलत होता. "मॅडम, मी क्लबचा वॉचमन. घाबरू नका. तुमचे भाऊ, पोहण्याचे सर, आमच्या लिफ्टमध्ये अडकलेत. बरे आहेत. मेकॅनिक निघालाय. त्यांनीच तुमचा नंबर दिला." तिने विचारलं, "कुणी दिला?" तो म्हणाला, "त्यांनीच. लिफ्टमध्ये तारेचा फोन आहे ना, त्याच्यावरून. म्हणाले, बेडकीला सांगा मी ठीक आहे." मग जरा घुटमळून, "बेडकी म्हणजे तुम्हीच ना?"

ती हो म्हणाली. काचेपलीकडे समोरच्या इमारतीतली एक बाई झाडांना पाणी घालत होती, आणि त्या पाण्याची धार कुंडीबाहेर पडतेय हे तिला उगाचच स्पष्ट दिसलं. बेडकी हे नाव जगात एकाच माणसाच्या तोंडी होतं, आणि त्या माणसाला बोलता येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी घशातल्या गाठीबरोबर दादाचं स्वरयंत्रही काढून टाकलं होतं. तेव्हापासून तो बोलत असे तो तिने केलेल्या एका वेबपानावरून: फोनवर पत्ता टाकायचा, पान उघडायचं, टाइप करायचं, की पान ते मोठ्याने म्हणून दाखवायचं. पण पानाला नेट लागतं. लिफ्टच्या लोखंडी पेटीत नेट कुठून येणार? आणि नेट असतं तर त्याने सरळ तिलाच मेसेज केला असता, वॉचमनला कशाला मध्ये घातलं असतं. मग तारेच्या फोनवर बोललं कोण?

"दादा लिफ्टमध्ये अडकलाय, मला जावं लागेल," ती परत येऊन म्हणाली. कंपनीच्या मॅडम लगेच म्हणाल्या, "जा, जा, हा विषय उद्या." लंबू मात्र उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "तळघरातल्या तलावाची लिफ्ट का?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली. पोहण्याचा तलाव तळघरात आहे हे याला कसं माहीत, हा प्रश्न तिला टॅक्सीत बसल्यावर पडला, आणि पडला तसा बाजूलाही सरला, कारण जीव टांगणीला लागलेला असला की माणूस मोठ्या प्रश्नांना हात घालत नाही. बोट सुजलंय का, चप्पल नीट बसलीय का, असलंच काहीतरी बघत बसतो.

टॅक्सीवाला गाणी लावत होता, बंद करत होता. तिला दादाचा आवाज आठवायचा होता आणि तो आठवत नव्हता. असं तिचं अधूनमधून होई. शब्द आठवत, त्या वेळचं ऊन आठवे, त्याच्या शिट्टीची ओली दोरी आठवे, आवाज तेवढा नाही. लहानपणी त्याने तिला पोहायला शिकवलं तेव्हा ती पाण्याखाली डोकं घालायची आणि वरून त्याचा आवाज यायचा, पाण्याने जाड झालेला, जणू पाणीच बोलतंय. "पाय मार बेडके, पाय मार, पाणी काही तुझ्या बापाचं नाही." इतर पोरांचे शिक्षक काठावरून ओरडत, ते पाण्यात पोचत नसे. दादाचं पोचायचं. आणि त्याच माणसाच्या गळ्याला आता बिल्ल्याएवढं एक भोक होतं, त्यातूनच तो श्वास घेई, आणि त्यात पाणी गेलं तर थेट छातीत उतरणार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पाण्यात पाऊल नाही. तो काठावर उभा राहून शिकवायला लागला. वहिनी म्हणाली होती, हलवायाने मधुमेह झाल्यावर दुकान चालवावं तसं झालंय यांचं. दादा त्यावर हसला होता. म्हणजे त्याचे खांदे हलले होते, आणि गळ्यावरच्या फडक्यातून हवा फुसफुसली होती.

ते पान तिने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात केलं होतं, मांडीवर लॅपटॉप घेऊन, वॉर्डमधून येणाऱ्या फिनेलच्या वासात. पाटीवर लिहून लिहून दादा चिडायला लागला होता. पाटी फेकायचा, आणि मग ती आणायला आपणच खुणा करायचा. पान तयार झालं तेव्हा तिने फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, काहीतरी लिही. त्याने बराच वेळ विचार केला, डोळ्यांत पाणी वगैरे आणून, आणि मग त्या फोनातून एक सपाट पुरुषी आवाज म्हणाला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." वहिनी हसली आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने खुणेने विचारलं, मलाही मिळेल का. त्याच्या फोनात तिने नुसता पत्ता टाकून दिला. इतकंच लागायचं. त्या वॉर्डातून ते पान पुढच्या वॉर्डात गेलं, तिथून दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि दोन वर्षांनी ही कंपनी आली, तिला नोकरी दिली, पानाला माणसं दिली.

कंपनीत तिचं आणि लंबूचं भांडण होतं ते एवढ्यावरच. तो मोबाईल ॲप करणारा. त्याचं म्हणणं, नवं सगळं काम ॲपवर करू आणि पान हळूहळू बंद करू. "तुमचं पान पाहुण्यासारखं आहे ताई," तो म्हणायचा, "रस्ता खुला असला तरच येणार. ॲप फोनातच राहतं. नेट असो नसो." ती म्हणायची, "राहायला जागा लागते रे. लोकांच्या फोनात नातवाचे फोटो मावत नाहीत, तुझं बिऱ्हाड कुठं मांडणार?" सगळे हसत. तोही हसे. नेट नसताना पान चालावं म्हणून तिने खटपट केली नव्हती असं नाही. पान फोनात साठवून ठेवायची सोय तिने केली होती, पण आवाज लांबच्या यंत्रावरून यायचा, आणि जागा कमी पडली की फोन ते साठवलेलं पान गुपचूप पुसून टाकायचे. आणि मुळात तिच्या मनात पान म्हणजे दादा आधी शिकवायचा त्या उघड्या तलावाचा काठ होता. दादाचा स्वतःचा फोन पाण्याच्या भीतीने पिशवीत असायचा. त्याला काही बोलायचं झालं की तो काठावर बसलेल्या कुणाही आईबापापुढे हात पसरायचा, ते फोन द्यायचे, तो पत्ता टाकायचा आणि बोलायचा. काही इन्स्टॉल नको, काही परवानगी नको. कुणाच्याही खिशात दादाचा आवाज होता. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे तिला लंबूचे तक्ते फिके वाटत. तो तलाव मागच्या वर्षी बुजवला. दादाला या क्लबात काम मिळालं. कसं आहे नवीन, तिने विचारलं तेव्हा पान म्हणालं होतं, "मस्त चाललंय." त्यानंतर दर रविवारी ती विचारी आणि पान तेच म्हणे.

क्लबच्या दाराशी वॉचमन वाटच पाहत होता. तो तिला जिन्याने खाली घेऊन गेला. खाली उतरता उतरता क्लोरीनचा वास नाकात शिरला आणि अंगावर लहानपणच्या ओल्या टॉवेलचा काटा आला. पायऱ्या दमट होत्या. तिने वेळ बघायला म्हणून फोन काढला आणि तिच्या लक्षात आलं, रेंजच्या कांड्या एकेक करून विझत चालल्या होत्या. खालच्या वळणावर शेवटची गेली. ती तिथेच थांबली. सवयीने, खरं तर नको असताना, तिने आपलं पान उघडलं. पांढरा पडदा, आणि त्यावर गोल गोल फिरणारी रेघ. "इथं रेंज कधीच नसते का हो?" तिने विचारलं. "कधीच नाही," वॉचमन म्हणाला, "म्हणून तर लिफ्टला तारेचा फोन ठेवलाय." त्याने ते इतकं सहज सांगितलं, आणि ती रेघ फिरतच होती. एक वर्ष. दादा इथे उभा राहत होता आणि पान इथे उघडत नव्हतं. "मस्त चाललंय" तो घरी येऊन म्हणत होता, जिथे नेट आहे तिथे.

लिफ्ट तलावाच्या पातळीच्या थोडी वर अडकली होती. बंद दारापाशी मेकॅनिक आपली पेटी उघडून बसला होता. आतून आवाज येत होता. पुरुषाचा, थोडा खरखरीत, तिच्या पानाचा नव्हे. तिच्या पानाचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता, त्याची प्रत्येक अडखळ तिने स्वतः घासून काढली होती. हा दुसरा होता. "घाई नाही," तो म्हणत होता. "नाकाने घ्या. पाण्यात सोडतो तसा सोडा. बुडबुडे काढायचेत असं समजा. डोले मिटा." मग थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा, "छान. आता परत." आत कुणी बाई होती, तिचा श्वास दारातून ऐकू येत होता, आधी धापा, मग लांब. ती कान देऊन उभी राहिली. आवाज परका होता. पण वाक्यं तुटायची ती जागा, पुढचं बोलण्याआधीची ती वाट बघणं, समोरच्याचा श्वास पुरा होईपर्यंत थांबणं, हे दादाचं होतं. तिच्या पानावर तो असा कधी बोलला नव्हता. पानावर शब्द जाऊन यायला वेळ लागे, त्यामुळे तो लांब वाक्यं लिहून एकदम पाठवायचा, भाषण दिल्यासारखी. इथे तो बोलत होता. आणि टॅक्सीत जो आठवत नव्हता तो आवाज, पाण्यातून येणारा, तिला आता नीट आठवला.

"दादा," ती दाराला तोंड लावून म्हणाली. आत शांतता झाली. मग त्या आवाजाने म्हटलं, "आलीस का. उगाच धावत आलीस." पुन्हा शांतता. तो टाइप करतोय हे तिला दिसल्यासारखं कळत होतं, अंगठा कुठे थांबला तेही. "रागावू नकोस," आवाज म्हणाला.

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, आणि आपल्याला रागावू नकोस म्हणतोय. तिने दारावर हात ठेवला. पत्रा गार होता. मेकॅनिक म्हणाला, "बाजूला व्हा ताई," आणि त्याने पहार घालून दार फाकवलं.

आधी बाई बाहेर आली, पन्नाशीची, ओल्या केसांची, एका हाताने दादाच्या सदऱ्याची बाही घट्ट धरलेली. ती वॉचमनने आणलेल्या स्टुलावर बसली तरी बाही सोडेना, तेव्हा दादाही वाकून तसाच उभा राहिला. "दिवे गेले हो आतले," ती सांगायला लागली. तिचं चष्म्याचं दुकान होतं. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून ती इथे येत असे. "मला बंद जागेत दम कोंडतो. मी तर संपलेच होते. सर बोलत राहिले म्हणून निभावलं. जन्मभर लोकांना दिसायचं सामान विकलं आणि आज सगळं ऐकण्यावर भागलं बघा." ती हसली. दादाने दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली, पोरांना मारायचा तशी.

तिने त्या बाईला पाणी दिलं आणि मग अगदी सहज वाटावं अशा बेताने विचारलं, "सर पहिल्यापासून असंच बोलतात का इथं?" दादाने तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. बाई म्हणाली, "छे हो. आधी नुसत्या टाळ्या आणि हातवारे. एक पाटी होती, ती भिजायची. आम्हाला निम्मं कळायचं नाही, मग सर स्वतःवरच वैतागायचे. आता कुठं बोलायला लागलेत. आमच्याच बॅचमधला तो उंच माणूस, लंबू म्हणतो आम्ही त्याला, पाण्याला इतका घाबरायचा की पँट दुमडून नुसता काठावर पाय सोडून बसायचा. त्यानं काहीतरी करून दिलं सरांच्या फोनात."

दादाला तलावाच्या ऑफिसात कपडे बदलायला पाठवून ती जिना चढली, आणि ज्या पायरीवर पहिली कांडी पेटली तिथेच भिंतीला टेकून तिने लंबूला फोन लावला. तिला वाटलं होतं की आपण रागाने बोलू. राग होताही, पण हातात घ्यायला गेलं की निसटत होता. त्याने पहिल्याच घंटेला उचलला आणि विचारलं, "सर बाहेर आले?"

"आले," ती म्हणाली. "तुला दादा कधीपासून माहीत आहे?"

मग त्याने सांगितलं. पोहायला शिकायला म्हणून तो तिथे गेला होता. तिथले सर मुके आहेत एवढंच त्याला कळलं होतं. एके दिवशी वर, रस्त्यावर, सरांनी त्याच्यापुढे हात पसरून त्याचा फोन मागितला आणि त्यावर काहीतरी उघडून म्हणाले, तू पाण्याला नाही, लोक हसतील याला घाबरतोस. "मी पडद्याकडे बघतो तर तुमचं पान. विचारलं, तेव्हा कळलं तुमचे भाऊ ते. खाली का नाही बोलत विचारलं, तर म्हणाले, खाली रेंज नाही. ताईंना सांगा की म्हटलं, तर म्हणाले, तिला सांगायचं नाही. शब्द घेतला माझ्याकडून. नेटशिवाय चालणारा आवाज मी तेव्हापासून करतोय. खरं तर त्यांच्याचसाठी सुरू केला."

तिने डोळे मिटले. इतके महिने तो तिच्या समोर बसत होता. तिने त्याची टर उडवली होती, बिऱ्हाडावरून, जागेवरून, सगळ्यांसमोर. त्याच्या हातात हुकमाचा एक्का होता आणि तो हसत हरत होता.

"आज मीटिंगमध्ये एका वाक्यात जिंकला असतास," ती म्हणाली.

"तुमच्याच भावाला तुमच्याविरुद्ध साक्षीला उभं करायचं, ते काही बरं दिसलं नसतं ताई."

खाली कुणीतरी पाण्यात उडी मारली. आवाज जिन्यातून वर आला. तिला रडू येईल असं वाटत होतं आणि तोंडातून भलतंच निघालं. "तुझा आवाज ळ नीट म्हणत नाही. डोले मिटा म्हणाला मघाशी."

"माहीत आहे," लंबू म्हणाला. "तुमच्या पानात तो बरोबर येतो. पण विचारणार कुठल्या तोंडानं?"

"उद्या ये माझ्याकडे. ळ देते, जोडाक्षरं देते. नावांवर अडखळतो, त्याचंही काहीतरी करू. चार वर्षं काय मी माशा मारत होते?" ती थांबली. "मॅडमना मीच सांगते. नवं काम सगळं ॲपवर जाऊ दे. पान फक्त पुसू नका. परक्याच्या फोनातून बोलायला लागतं कधीकधी."

"पान पुसणार कोण," तो म्हणाला, "ते नसतं तर सर माझ्याशी बोललेच नसते." मग घसा साफ करून म्हणाला, "मला पोहता येतं ताई आता. एक अख्खी लांबी. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही."

तिने त्याला धन्यवाद म्हटलं. तो शब्द मराठीत किती क्वचित तोंडी येतो आणि आला की किती तोकडा पडतो, हे तिला जाणवलं. तिने तो पुन्हा एकदा म्हटला आणि फोन ठेवला.

टॅक्सीत दादा खिडकीशी बसला. त्याच्या कपड्यांना क्लोरीनचा वास येत होता आणि सिग्नलला गाडी थांबली की गळ्यावरच्या फडक्यातून त्याचा श्वास ऐकू यायचा. हा श्वास आपल्याला रोज ऐकायला मिळतो, तिच्या मनात आलं. चार वर्षांपूर्वी त्या व्हरांड्यात तिने फक्त एवढंच मागितलं होतं. आवाजाचं नंतर सुचलं. माणसाची हाव कशी वाढत जाते, आणि देणारे कसे देत राहतात, नर्स, डॉक्टर, काठावरचे ते आईबाप, फोन पुढे करणारे, पाण्याला घाबरणारा एक लांबलचक माणूस. आपल्या भावाला आपण बोलतं केलं ही गोष्ट ती इतकी वर्षं छातीशी धरून होती, एखाद्या पदकासारखी. ते पदक आता कुठेतरी जिन्यात पडलं होतं, आणि छातीला हलकं वाटत होतं. दुखतही होतं, नाही असं नाही. त्याने वर्षभर मूग गिळले, तेही तिला वाईट वाटू नये म्हणून. इतकं मोठं मौन कुणी आपल्यासाठी पाळावं अशी आपली काय योग्यता, हे तिला कळत नव्हतं. गाडी सुटली. दादाने तिच्या मांडीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो तिथेच राहू दिला.

वहिनीने दार उघडलं, दोघांना खालून वर न्याहाळलं आणि काही न विचारता ताटं घेतली. तिलाही ठाऊक असणार. तिघं टेबलाशी बसली. वहिनी पाणी आणायला आत गेली तेव्हा तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस दादा? मी काहीतरी केलं असतं ना."

दादाने फोन पुढे ओढला. तो लिहायला लागला. बराच वेळ लिहीत राहिला, भुवया आक्रसून, ओठ हलवत, बोलता यायचं तेव्हा भाषणाआधी करायचा तसं. मग थांबला, वाचलं, आणि सगळं पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं. तेही पुसलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता, मग बंद झाला. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि एकच शब्द लिहिला, आणि तो परका, खरखरीत आवाज, जो उद्यापासून दुरुस्त व्हायचा होता, म्हणाला, "जेव."

ती जेवायला लागली.